आवृत्ती बदलते, प्रस्तावना कोण लिहिणार?

मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या पुरस्कर्त्यांशी आमचे भांडण तत्त्वाचे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११च्या अटी पुऱ्या न करणारी, एरवी धडधाकट यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. भिंगारसारख्या छावणीच्या गावात पत्रिका छापणाऱ्याने, झेरॉक्सवाल्याने किंवा आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांनी अशा वेळी उबुंटूकडे वळावे, हे उत्तमच.

आमचा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या मौनाला. प्रणाली बसवून देणारा उत्साही तरुण निघून जातो. पुढे कधीतरी पडद्यावर नवी आवृत्ती आल्याचा निरोप झळकतो आणि वापरणारा एकटा पडतो. त्याने विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा टाका.’ स्वातंत्र्याचा हा कसला मंत्र, जो अर्थ न सांगता पुटपुटायचा?

अपराध एकट्या तंत्रज्ञांचा मात्र नाही. मराठीत रोजच्या किरकोळ डागडुजीलाही ‘अद्ययावत करणे’ म्हणतात आणि अख्खी आवृत्ती पालटण्यालाही तेच. पहिले म्हणजे पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवणे, दुसरे म्हणजे नवी आवृत्ती काढणे. पहिले टाळणे हा हलगर्जीपणा. दुसरे आपल्या मजकुराची प्रत वेगळी न ठेवता करणे हे दुःसाहस. हा भेद शब्दातच उमटत नसेल, तर बटण दाबणाऱ्याने तो कुठून ओळखावा? ‘डागडुजी’ आणि ‘आवृत्तीबदल’ हे दोन साधे शब्द आम्ही सुचवतो. कोणाला याहून बरे सुचले तर आनंदच आहे. फक्त ‘उन्नयन’ नको.

नव्या आवृत्तीला प्रस्तावना लागते, हे साहित्याच्या माणसांना सांगायला नको. ती मराठीत लिहिणे अवघड आहे काय? उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. (ऑक्टोबरातही एक आवृत्ती निघते, दिवाळी अंकच म्हणा.) दर दोन वर्षांनी एप्रिलात निघणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. २०.०४ची ती मुदत मे २०२५मध्ये सरली. तिच्यावरून थेट २४.०४वर उडी घेता येत नाही; वाटेत २२.०४चा मुक्काम करावा लागतो. बदलाच्या वेळी बाहेरचे सॉफ्टवेअर-स्रोत बंद केले जातात आणि ते मागाहून आपणच तपासून सुरू करायचे असतात. कधी घराचा नकाशाही बदलतो. १६.०४वरून १८.०४वर गेलेल्यांना ओळखीचे युनिटी जाऊन ग्नोमचा पडदा दिसला, तेव्हा हाताच्या सवयीने ठाऊक असलेल्या जागा हरवल्या होत्या. एवढे आधी कळले असते, तर संगणक बिघडला असे कोणी समजले नसते.

आणि खास आपले म्हणून एक प्रकरण आहे, जुन्या टंकांचे. युनिकोडमधला मजकूर प्रणाली बदलली तरी वाचता येतो. युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेले प्रबंध आणि प्रश्नपत्रिका मात्र आतून रोमन अक्षरांच्याच असतात. तो टंक असेतोवर त्या देवनागरी दिसतात. यंत्र पुसून नवी प्रणाली बसवताना टंक मागे राहिला, की कवितेची अक्षरांची खिचडी होते. त्या मजकुराचे युनिकोडात रूपांतर आधी करून घ्यावे, हे सांगणारे वाक्य इंग्रजी सूचनापत्रात कुठून येणार? ते मराठीतच लिहावे लागेल.

केरळात शाळांसाठीची लिनक्स प्रणाली ‘काइट’ ही सरकारी संस्था सांभाळते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. तिथे नवी आवृत्ती ही कोणा एका शिक्षकाची खासगी आपत्ती ठरत नाही. आपल्याकडे मराठीच्या ऱ्हासावर परिसंवाद भरतात आणि त्याची निमंत्रणपत्रिका इंग्रजी मेनूत चाचपडत तयार होते. असो.

‘हा आमचा विषय नव्हे’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना आमचा थेट प्रश्न आहे. उपयोजित मराठीच्या तासाला आपण जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो, सूत्रसंचालन शिकवतो. मग ग्रंथपालाला कळेल अशी आवृत्तीबदलाची दोन पानी माहितीपुस्तिका हा स्वाध्याय का नसावा? विद्यार्थ्यांनी लिहावी, संगणकशास्त्राच्या शिक्षकांनी तपासावी आणि ग्रंथालयातल्या शिपाईमामांना वाचायला द्यावी. ते जिथे अडतील ते वाक्य पुन्हा लिहावे. २२.०४ची मुदत २०२७च्या पूर्वार्धात संपते. पुस्तिका त्याआधी हातात हवी.