राजनगरी कशी पाहावी?

जुन्या राजधान्या पाहण्याची हौस बहुतेकांना असते. सुटी लागली की शाळांच्या सहली निघतात, कुटुंबे प्रवासाला बाहेर पडतात आणि एखाद्या राजनगरीत जाऊन दोन दिवसांत दहा-बारा स्थळे पाहून परततात. परतल्यावर कोणी विचारले, तर राजवाडा भव्य होता, किल्ला उंच होता, आरसेमहाल झगमगत होता, एवढेच त्यांना सांगता येते. अशा प्रवासात डोळ्यांना पुष्कळ मिळते, पण बुद्धीच्या पदरात फारसे पडत नाही. याचे कारण उघड आहे. पाहणारा नगराचे वैभव पाहतो, त्यामागील व्यवस्था पाहत नाही. वैभव हे नगराचे फूल होय आणि व्यवस्था हे त्याचे मूळ. फुलाचे कौतुक जरूर करावे; परंतु मुळाकडे लक्ष न देता नगर पाहिले असे म्हणणे योग्य होणार नाही.

राजस्थानातील जयपूर हे याचे उत्तम उदाहरण आहे. या नगराची स्थापना १७२७ साली सवाई जयसिंह या राजाने केली. त्यापूर्वी राजधानी आमेर येथे होती. आमेर डोंगरांच्या कुशीत वसलेले असल्यामुळे संरक्षणास चांगले होते. पण वाढत्या वस्तीला तेथे जागा व पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा डोंगराखालच्या मैदानावर नवे नगर वसविण्याचे ठरले. बहुतेक गावे आपोआप वाढतात. घरे आधी उभी राहतात आणि रस्ते मागाहून वाट काढतात. जयपुरात मात्र आधी आराखडा आखला गेला. या कामी विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाने राजाला मोठे साहाय्य केले. नगराची मांडणी नऊ चौकोनांची ठरली. त्यांपैकी दोन चौकोन राजवाडा व राज्यकारभार यांसाठी राखून उरलेले सात प्रजेच्या वस्तीसाठी देण्यात आले. एका बाजूस डोंगर आडवा आला, तेव्हा मांडणीत आवश्यक तो बदल करण्यात आला. योजना पक्की असावी, पण हटवादी नसावी, हे त्या बदलावरून कळते.

येथील मुख्य रस्ते १११ फूट रुंद आहेत आणि ते एकमेकांस काटकोनात छेदतात. ज्या काळी बैलगाड्या, उंट आणि हत्ती हीच वाहने होती, त्या काळी एवढ्या रुंद रस्त्यांचा विचार होणे ही लहान गोष्ट नव्हे. दूरदूरच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना बोलावून येथे वसविण्यात आले. जौहरी बाजारात जवाहिरे, मणिहारांच्या रस्त्यावर लाखेच्या बांगड्या करणारे, ठठेऱ्यांच्या रस्त्यावर तांब्या-पितळेची भांडी घडविणारे, अशी ही रचना रस्त्यांच्या नावांतून अजूनही वाचता येते. २०१९ साली युनेस्कोने तटबंदीच्या आतील जयपूर नगराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते केवळ एखाद्या महालाला नव्हे, तर या संपूर्ण नगररचनेला.

राजवाड्याशेजारीच जंतर मंतर ही वेधशाळा आहे. जयसिंहाला ज्योतिर्विद्येची आवड होती. धातूची लहान यंत्रे झिजतात, हलतात आणि त्यामुळे वेध चुकतात, असे त्याला आढळून आले. म्हणून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा उभारल्या. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या वक्र भिंतीवर पडणारी सावली दर मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर पुढे सरकते. पुष्कळ प्रवासी या यंत्रासमोर छायाचित्र काढतात आणि निघून जातात. पाच मिनिटे तेथे थांबून सावलीवर दृष्टी ठेवली, तर पृथ्वी फिरते आहे हे प्रत्यक्ष दिसते. या यंत्राची वेळ हातातील घड्याळाशी जुळत नाही, म्हणून कोणी ते चुकीचे आहे असे समजतो. वस्तुतः भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली आहे आणि जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. त्यामुळे तेथील स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटांनी मागे असते. शिवाय ऋतुमानाप्रमाणेही थोडा फरक पडतो. हे ज्याला समजले, त्याने ती वेधशाळा खऱ्या अर्थाने पाहिली.

हवामहालाविषयीही असेच म्हणता येईल. १७९९ साली सवाई प्रतापसिंहाच्या कारकिर्दीत बांधलेली ही पाच मजली वास्तू आपल्या असंख्य झरोक्यांमुळे प्रसिद्ध आहे. तिच्या जाळ्यांतून वारा खेळत राहतो आणि राजस्थानच्या उन्हाळ्यातही आत गारवा वाटतो. या कौशल्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु राजघराण्यातील स्त्रियांना रस्त्यावर मोकळेपणाने येता येत नसे, म्हणून हे झरोके करावे लागले, हेही विसरता कामा नये. सौंदर्याची वाखाणणी आणि जुन्या रूढीचे परीक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. तसेच, ज्या गुलाबी रंगामुळे नगर ओळखले जाते, तो रंग आरंभापासूनचा नाही. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी नगर त्या रंगाने रंगविण्यात आले.

नगराबाहेर सुमारे ११ किलोमीटरवर आमेरचा किल्ला आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हे घराणे अपरिचित नाही. १६६५ साली ज्यांच्याशी शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला, ते मिर्झाराजे जयसिंह आमेरचेच. आमेरच्या वर जयगड आहे. तेथील जयबाण ही प्रचंड तोफ पाहण्यास गर्दी लोटते. पण त्याच गडावर डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी कालव्यांतून आणून साठविणारी मोठी टाकी आहेत. तेथे फारसे कोणी रेंगाळत नाही. तोफेचा उपयोग क्वचितच पडे. पाणी मात्र रोज लागे. जेथे पाऊस थोडा, तेथे थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी ती टाकीच गडाचे खरे बळ होती.

पाण्याची ही गोष्ट केवळ जुन्या काळाची नाही. जयपूरजवळ बाणगंगा नदीवर रामगडचा तलाव बांधलेला होता. अनेक वर्षे त्याने नगराची तहान भागविली. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. पुढे पाणलोट क्षेत्रात ठिकठिकाणी अडथळे व अतिक्रमणे झाली, तलावाकडे येणारे पाणी अटले आणि जेथे नावा धावल्या, तेथे कोरडी जमीन उरली. नगराला दूरच्या बनास नदीवरील बिसलपूर धरणातून पाणी आणावे लागले. सहलीच्या यादीत रामगडचे नाव सहसा नसते. पण विचारी प्रवाशाने ती जागाही पाहावी. पूर्वजांनी काय उभारले हे महालांतून कळते. नंतरच्यांनी काय गमावले हे अशा जागी कळते.

नगर टिकते ते तेथील हातांमुळे. सांगानेर येथे लाकडी ठशांनी कापडावर वेलबुट्टी उमटविली जाते आणि हातकागदही तयार होतो. जयपूरची निळी भांडी नेहमीच्या मातीची नसून मुख्यतः गारगोटीच्या भुकटीची असतात. विसाव्या शतकात ही कला लोपत चालली होती. कृपालसिंह शेखावत यांनी तिला नवजीवन दिले. दुकानात वस्तूची किंमत पाडून मागण्यापूर्वी ती कशी घडते हे पाहावे, म्हणजे तिचे मोल कळते.

यावर कोणी म्हणेल, की प्रवास आनंदासाठी असतो. त्यात अभ्यासाचे ओझे कशाला? पण समजून पाहिल्याने आनंद कमी होत नाही, उलट वाढतो. आणखी कोणी विचारील, की राजे गेले, राज्ये गेली. आता त्यांचे गोडवे का गावेत? हा प्रश्न रास्त आहे. राजवाडे प्रजेच्या करातून आणि मजुरांच्या घामातून उभे राहिले, यात शंका नाही. म्हणूनच पाहणाऱ्याने राजाबरोबर त्या मजुरांचेही स्मरण ठेवावे. जयपूर संस्थान १९४९ साली राजस्थानात विलीन झाले. तेव्हापासून त्या नगराची जबाबदारी लोकांवर आली आहे, आणि लोकांत प्रवासीही येतात. जुन्या भिंतीवर स्वतःचे नाव कोरणारा मनुष्य आपल्याच मालमत्तेची हानी करीत असतो.

तेव्हा राजनगरीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने स्थळांची यादी लहान करावी आणि प्रश्नांची यादी मोठी करावी. हे कोणी बांधले? कशासाठी बांधले? पाणी कोठून येत असे? येथे कोण राबत होते? आज याची काळजी कोण घेतो? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची सवय लागली, म्हणजे पाहणाऱ्याला स्वतःच्या गावाची आडवळणे, विहिरी आणि बाजारपेठही निराळ्या दृष्टीने दिसू लागतील. आपले गाव अधिक चांगले कसे होईल, हा विचार त्याच्या मनात उत्पन्न झाला, तर तो प्रवास सार्थकी लागला असे समजावे.