कोपऱ्यातला कर्णा

स्पीकर जितका लहान तितका भारी, असं सध्या आपण सगळेच धरून चाललोय. खिशात मावणारा ब्लूटूथ डबा, कानात हरवणारे इअरबड्स... अशा दिवसांत सुताराला बोलावून फ्रिजच्या अंगाचा स्पीकर बांधून घ्या असं मी सुचवतो, तेव्हा ऑफिसातली मंडळी माझ्याकडे जरा काळजीने बघतात. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात होप नावाचं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात पॉल क्लिप्श नावाचा इंजिनिअर सैन्याच्या नोकरीत तिथे होता. त्याने कोपऱ्यात ठेवायचा, आत घड्या घातलेला कर्णा तयार केला आणि १९४६ साली त्यासाठी कंपनी काढली. गडी २००२ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेला. त्याचा क्लिप्शहॉर्न मात्र बारीकसारीक बदल होत अजून बनतोय. सव्वाचार फुटांच्या आसपास उंच, अडीच फुटांहून जरा जास्त रुंद, वजन ऐंशी ते शंभर किलो. आपल्या धंद्यात दहा वर्षं टिकलेल्या कोडला 'लेगसी' म्हणून नाकं मुरडतात, त्या हिशोबाने बघा.

घडीचा कर्णा तुम्ही पाहिलेला आहे. निवडणुकीच्या रिक्षावरचा भोंगा म्हणजे तोच. त्यात आवाज आधी पुढे जातो, मग मागे वळतो, मग परत पुढे येतो. लांब नळी कमी जागेत बसवायची युक्ती. पण भोंग्याला फक्त माणसाचं बोलणं फेकायचंय. खर्जासाठी हेच करायला गेलं की गणित अंगावर येतं.

३५ हर्ट्झचा सूर घ्या. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे एक लाट जवळपास ९.८ मीटर लांब. उघड्या मैदानात तो सूर नीट सोडायला कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण एका लाटेएवढा हवा. म्हणजे साडेसात चौरस मीटरचं तोंड! घरात अशक्य. पण कर्णा खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की दोन भिंती आणि फरशी मिळून आवाजाला अवकाशाच्या आठव्या हिश्शात कोंडतात. मग तोंडही आठवा हिस्सा पुरतं, एक चौरस मीटरच्या आत. लांबीचंही तसंच. या सुरासाठी दर ५४ सेंटीमीटरला नळीचं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं. सुरुवातीला ५०० चौरस सेंटीमीटर धरलं तर सव्वाचार वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे २.३ मीटर नळी. ती घड्या घालून पेटीत बसते, आणि शेवटचा भाग तर खोलीच्या भिंतीच होतात. थोडक्यात काय, तुम्ही अर्धा स्पीकर बांधता, उरलेला अर्धा बिल्डरने आधीच बांधलेला असतो :)

आता लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे 'स्वस्त, लवकर, चांगलं, यातले कुठलेही दोन निवडा' म्हणतात ना, तसा स्पीकरवाल्यांचा हॉफमनचा नियम आहे: छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, यातले दोनच मिळतात. १९५४ नंतर बंद पेटीचे छोटे स्पीकर आले, पुढे स्टिरिओ आला, मग घरोघरी दोन-दोन पेट्या लागायला लागल्या आणि जगाने कमी वीज हा मुद्दा सोडून दिला. ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले होते. निर्णय चुकीचा नव्हताच. पण त्याची किंमत होती, आणि ती आपण विसरलो.

क्लिप्शहॉर्न एका वॅटला कंपनीच्या आकड्यानुसार १०५ डेसिबल देतो. साधा बरा स्पीकर ८८ च्या आसपास. फरक १७ डेसिबल, म्हणजे विजेत पन्नास पट. जिथे साध्याला पन्नास वॅट लागतात तिथे याला एक पुरतो. बचत विजेच्या बिलाची नाही हो! मुद्दा असा की तोच आवाज काढायला याचा पडदा अगदी थोडा हलतो. पडदा जितका कमी हलेल तितकी विकृती कमी, हे क्लिप्श आयुष्यभर सांगत होता. हळू आवाजात ऐकताना ते कळतं. तबल्याचा डग्गा घुमतो आणि त्या घुमाऱ्यात गायकाचा आवाज गढूळ होत नाही.

आणि इथे आपण भाग्यवान आहोत. अमेरिकन घरांत बहुतेक भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या. खर्जाबरोबर त्याही थरथरतात. आपल्याकडे वीट, आणि नव्या टॉवरांत तर मिवानच्या काँक्रीट भिंती. ज्या भिंतीत खिळा जात नाही म्हणून आपण बिल्डरला शिव्या घालतो, ती कोपऱ्यातल्या कर्ण्यासाठी उत्तम. (शेजाऱ्यांसाठी नव्हे. रात्री दहानंतर माझ्या नावावर काही खपवू नका.)

माझं मत जरा वेगळं आहे ते पुढे: बांधायचा तर एकच बांधा. दोन मोकळे कोपरे, तेही एकाच भिंतीचे, मधे दार-खिडकी न येता... कुठल्या टू बीएचकेमध्ये मिळतात? आणि आपण जे ऐकतो त्यातलं किती स्टिरिओ आहे? १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं गीतरामायण मोनो. जुनी नाट्यपदं, भावगीतं, साठच्या दशकापर्यंतची बहुतेक सिनेगीतं मोनो. हे सगळं दोन स्पीकरमधून वाजवणं म्हणजे एकच काम दोघांना देणं. त्या ध्वनिमुद्रणांत ३५ हर्ट्झ नसतो, हा आक्षेप मान्य. पण आपल्याला खोली नको आहे, स्वच्छता हवी आहे, आणि ती वरच्या खर्जातही मिळते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हे करावं याला आणखी एक कारण आहे. घडीच्या वळणातून तार सूर नीट निघत नाहीत, म्हणून ४०० हर्ट्झच्या आसपास काम वरच्या छोट्या सरळ कर्ण्याकडे सोपवावं लागतं. पण खर्ज लांबून येतो. अंतराचा फरक १.८ मीटर असेल तर तो पाच मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. क्लिप्शच्या काळी याला इलाज नव्हता. आज ४८ किलोहर्ट्झला वरचे सूर अडीचशे सॅम्पल थांबवले की झालं. एक बफर! सत्तर-ऐंशी वर्षांचा बग आपल्यातला कुणीही रविवारी दुपारी सोडवू शकतो.

मात्र लाकडाचं काम सुताराचं. आम्ही मित्राच्या घरी बांधला तेव्हा नकाशा बघून सुतार पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, पेटी बंद झाल्यावर आतलं बदलायचं कुठून?" एकदम मूळ प्रश्न. मागचा कप्पा हवाबंद हवा आणि तरी स्पीकर काढता यायला हवा, म्हणून गास्केट लावलेलं, स्क्रूने बसणारं झाकण लागतं. मेंटेनेबिलिटीवर मी इतक्या मीटिंगा बसलोय, पण हे इतक्या थोडक्यात कुणी विचारलं नव्हतं.

मित्राच्या घरी का, असं तुम्ही विचाराल. कारण आमच्या घरातला एकुलता मोकळा कोपरा आईच्या शिलाई मशीनचा आहे, आणि तो तिचाच राहणार. ऑडिओच्या छंदात 'बायको परवानगी देत नाही' छापाचे विनोद फार चालतात. मला ते मुळीच आवडत नाहीत. शहरात चौरस फुटाचा भाव काय आहे ते हप्ते भरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. एक आख्खा कोपरा मागणं म्हणजे घरातल्या प्रत्येकाकडून काहीतरी मागणं, आणि 'नाही' हे त्याचं पूर्ण उत्तर असू शकतं. घर भाड्याचं असेल, दर अकरा महिन्यांनी सामान हलवावं लागत असेल, तर शंभर किलोच्या भानगडीत पडूच नका. चांगले हेडफोन घ्या आणि सुखी राहा.

पण कोपरा असेल, घरच्यांची राजीखुशी असेल आणि चार-सहा वीकएंड मोकळे असतील, तर जरूर बांधा. दिवसभर आपण जे लिहितो ते पुढच्या स्प्रिंटमध्ये कुणीतरी पुसतं. प्लायचा कापलेला तुकडा मात्र अन्-डू होत नाही, आणि त्या पेटीत तुमची नातवंडं गाणी ऐकू शकतात.

बघा, पटतंय का.