हुशार कोण, मोठा कोण?

एप्रिलचा उत्तरार्ध लागला, की आमच्या घरी दोन गोष्टी एकदम येतात. एक आंब्याची पेटी आणि दुसरी माझी धाकटी बहीण, यजमानांसह आणि दोन्ही मुलांसह. नेमकी त्याच सुमारास तिकडे इंग्लंडात शेफील्डला, क्रूसिबल नावाच्या नाट्यगृहात स्नूकरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू होते. १९७७ पासून ती तिथंच भरते आणि सतरा दिवस चालते. ते सतरा दिवस आमच्या घरात आमरस आणि एक जुनं भांडण यांवर निघतात. भांडण असं, की स्नूकरमधला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण आणि सर्वांत प्रतिभावान कोण?

मेव्हणे जिमी व्हाइटचे भक्त. भाचा रॉनी ओ’सलिव्हनपुढे दुसरं नाव ऐकून घेत नाही. मी स्टीफन हेन्ड्रीचा. घरात केबल नवीन आली, तेव्हा पडद्यावर जिंकताना दिसला तो हेन्ड्री, आणि तेव्हापासून माझी निष्ठा बदललेली नाही. ‘‘हेन्ड्री म्हणजे मशीन होतं, मामा. एवढा सराव केला तर कुणीही जिंकेल,’’ असं भाचा दर वर्षी म्हणतो आणि मी दर वर्षी म्हणतो, ‘‘असेल कष्टाळू, पण जिंकला ना?’’

यंदा दहावीची परीक्षा देऊन आलेली भाची आंबे पिळता पिळता मध्येच म्हणाली, ‘‘मामा, बाबांचा जिमी हुशार, दादाचा रॉनी हुशार. मग तुझा हेन्ड्री नुसताच कष्टाळू कसा?’’

प्रश्न साधा होता, पण मला घास गिळवेना. कारण आमच्या घरात भाचा ‘हुशार’ आहे आणि भाची ‘कष्टाळू’. हे शिक्के ती दोघं प्राथमिक शाळेत असतानाच बसले आणि बसवणाऱ्यांत मीही होतो. ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ हे वाक्य आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, पण चेहऱ्यावर अभिमान असतो. ‘बिचारी खूप मेहनत घेते’ हे कौतुकाच्या सुरात म्हणतो आणि त्यात सांत्वन असतं. तेव्हापासून या वादाकडे मी जरा निराळ्या नजरेनं पाहू लागलो आहे. वाचकांसमोर तेच मांडतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. त्यावर पंधरा लाल चेंडू आणि सहा रंगीत. पांढऱ्या चेंडूनं एक लाल खिशात घालायचा, मग एक रंगीत, पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. लालचा एक गुण आणि सर्वांत मोलाच्या काळ्याचे सात. पंधराही लाल चेंडूंबरोबर दर वेळी काळाच घेतला आणि मग सहाही रंगीत चेंडू क्रमानं घातले, तर गुण होतात १४७. सर्वसाधारणपणे एका डावातली ही कमाल मर्यादा. खेळाचा जन्म आपल्याच भूमीवरचा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यानं तो सुरू केला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले, असं सांगतात. (हे चेंबरलेन म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले नव्हेत.)

एका जिमखान्यात फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या मार्करनं मला एक गोष्ट शिकवली होती. नवखा माणूस खिशात जाणाऱ्या चेंडूकडे बघतो, जाणता माणूस पांढरा कुठं थांबतो ते बघतो. चेंडू खिशात घालणं पुष्कळांना जमतं. पुढचा फटका सोपा व्हावा अशा जागी पांढऱ्याला नेऊन ठेवणं, ही खरी विद्या. आमच्या वादातही बहुधा हेच होतं. आपण खिशाकडे बघत बसतो.

आता मोठेपणाचं बघू. आकडेच मोजायचे, तर जो डेव्हिसपुढे कुणी उभं राहू शकत नाही. १९२७ च्या पहिल्या स्पर्धेपासून १९४६ पर्यंत पंधरा वेळा तो जगज्जेता झाला आणि एकदाही न हरता स्पर्धेतून बाजूला झाला. पण १९३१ साली स्पर्धेत खेळाडू होते अवघे दोन! जो डेव्हिस आणि टॉम डेनिस. सामना झाला नॉटिंगहॅमला, डेनिसच्याच मद्यगृहाच्या मागच्या खोलीत. तेव्हा पंधरा या आकड्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं. डेव्हिसचं खरं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. त्यानं आपली विद्या पुस्तकात लिहून ठेवली. ‘हाऊ आय प्ले स्नूकर’ हे ते पुस्तक. काही दशकांनी एका बापानं ते घेऊन आपल्या मुलाला पानापानानं शिकवलं. त्या मुलाचं नाव स्टीव्ह डेव्हिस. आडनाव तेच, नातं मात्र काही नाही.

हा स्टीव्ह डेव्हिस १९८१ ते १९८९ या काळात सहा वेळा जगज्जेता झाला. त्याच्या काळात प्रेक्षकांचा लाडका होता तो अ‍ॅलेक्स हिगिन्स. बेलफास्टचा, धुमसता, दारू-सिगारेटमध्ये बुडालेला, फटका मारताना अंगाला झोके देणारा. तो १९७२ आणि १९८२ असा दोनदा जिंकला. लोक हिगिन्सला प्रतिभावंत म्हणत आणि डेव्हिसला यंत्र. १९८५ च्या अंतिम सामन्यात हे ‘यंत्र’ ८-० नं पुढे होतं. तिथून सामना १७-१७ वर आला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर शेवटच्या डावातल्या शेवटच्या काळ्या चेंडूवर डेनिस टेलर जिंकला. ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख माणसं ते बघत जागी होती. पुढच्या वर्षीही डेव्हिस अंतिम फेरीत हरला, जो जॉन्सनकडून. एवढ्यावर एखादा माणूस खचला असता. डेव्हिस १९८७, १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ तीनदा जिंकला. यंत्राला अपमान पचवावा लागत नाही. माणसाला लागतो.

आता मेव्हण्यांचा जिमी व्हाइट. डावखुरा, देखणा खेळ, मनानं मोकळा. सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही वेळा हरला. त्यांतल्या चार वेळा समोर हेन्ड्री होता. १९९२ ला व्हाइट १४-८ नं पुढे होता. हेन्ड्रीनं त्यापुढचे दहाच्या दहा डाव घेतले. १९९४ ला १७-१७ अशी बरोबरी. तो व्हाइटचा बत्तिसावा वाढदिवस होता. शेवटच्या डावात ब्रेक चालू असताना त्याचा एक काळा हुकला आणि हेन्ड्रीनं टेबल साफ केलं. मेव्हणे अजूनही तो काळा चेंडू आठवून हळहळतात आणि मग ठरलेलं वाक्य म्हणतात, ‘‘जिंकला नसेल, पण त्याच्यासारखी प्रतिभा कुणाकडे नव्हती.’’ माझी शंका अशी, की ‘सर्वांत प्रतिभावान’ हा किताब आपण पुष्कळदा उत्तेजनार्थ बक्षिसासारखा वापरतो. जो हरला आणि तरीही आपल्याला आवडतो, त्याला तो द्यायचा. त्यात प्रेम आहे आणि प्रेमाला माझी हरकत नाही. पण त्याची किंमत जिंकणाऱ्याला मोजावी लागते. त्याच्या वाट्याला मग उरतो तो ‘कष्टाळू’पणा.

आणि इथं मला माझ्याच खेळाडूबद्दल एक गोष्ट उमजली. ती माहीत होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. हेन्ड्रीच्या हातात क्यू पहिल्यांदा आला तो १९८१ च्या नाताळात, भेट मिळालेल्या एका छोट्या टेबलाबरोबर. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. १९९० साली एकविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला, इतिहासातला सर्वांत लहान. म्हणजे श्रीगणेशापासून जगज्जेतेपदापर्यंत साडेआठ वर्षंसुद्धा लागली नाहीत. उलट ओ’सलिव्हननं दहाव्या वर्षी पहिलं शतक केलं होतं आणि पंधराव्या वर्षी १४७. तो पहिल्यांदा जगज्जेता झाला २००१ मध्ये, पंचविशीत. आता सांगा, उपजत देणगी कुणाची जास्त?

हेन्ड्रीनं खेळच बदलला. त्याच्या आधी शहाणा खेळाडू जपून खेळे, समोरच्याच्या चुकीची वाट पाही. हेन्ड्री लांबचा लाल बेधडक घाली आणि निळा चेंडू खिशात टाकता टाकता पांढऱ्यानं लाल चेंडूंचा ढीग फोडी. आज हे सगळेच करतात. नव्या तऱ्हेनं खेळ बघणं ही प्रतिभा नाही, तर मग प्रतिभा म्हणजे काय? १९९४ ला तर स्पर्धा चालू असताना हॉटेलच्या न्हाणीघरात पडून त्याचा डावा हात कोपरापाशी मोडला होता. तसाच खेळला आणि जिंकला. १९९२ ते १९९६ अशी सलग पाच आणि १९९९ पर्यंत एकूण सात जगज्जेतेपदं. चेहरा मात्र दगडासारखा. तो हसला नाही, चिडला नाही, रडला नाही, म्हणून आपण ठरवून टाकलं की हा नुसता राबणारा आहे.

ओ’सलिव्हनच्या बाबतीत नेमकी उलटी चूक झाली. त्याचा खेळ इतका सहज, की त्यामागं कष्ट असतील असं वाटतच नाही. १९९७ ला क्रूसिबलमध्ये त्यानं छत्तीस फटक्यांत १४७ केले ते पाच मिनिटं आणि काही सेकंदांत. आपल्याकडे तेवढ्यात चहाला उकळी येत नाही. १९९६ मध्ये तो मुद्दाम डाव्या हातानं खेळला आणि प्रतिस्पर्ध्याला ते उपमर्द वाटलं. २००६ ला हेन्ड्रीविरुद्धचाच एक सामना अर्ध्यावर टाकून तो निघून गेला. भाच्याला असल्या गोष्टी फार आवडतात. हुशार माणसानं थोडं बेपर्वा असावं, असं आपल्यालाही आतून वाटत असतं.

पण मला त्याचं मोठेपण दुसऱ्याच आकड्यांत दिसतं. १९९३ ला त्यानं यूके अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा अठरावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. तीच स्पर्धा त्यानं २०२३ ला आठव्यांदा जिंकली, तेव्हा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. मध्ये तीस वर्षं! या तीस वर्षांत बाप खुनाच्या गुन्ह्याखाली दीर्घ काळ तुरुंगात होता, स्वतःची व्यसनं होती, निराशेचे झटके होते. १९९३ ची देणगी २०२३ पर्यंत आपोआप टिकत नाही. त्यासाठी तो पळायला लागला, २०११ पासून स्टीव्ह पीटर्स या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन मनाला वळण लावायला शिकला. २०२० ला सहावं आणि २०२२ ला, सेहेचाळिसाव्या वर्षी, सातवं जगज्जेतेपद मिळवून त्यानं हेन्ड्रीची बरोबरी केली. ही उपजत बुद्धीची कमाई नव्हे. हा चिवटपणा आहे, आणि तो आपण ज्यांना ‘कष्टाळू’ म्हणतो त्यांच्याच जातीचा आहे.

म्हणून माझं मत असं. सर्वांत मोठा कोण? ओ’सलिव्हन. हे लिहिताना माझ्या हेन्ड्रीनिष्ठ मनाला यातना होतात, पण तीस वर्षांपुढे दहा वर्षांना मान तुकवावी लागते. सर्वांत प्रतिभावान कोण? हेन्ड्री. भाचा यावर घर डोक्यावर घेईल, मेव्हणे पान पुढ्यातून सारतील. त्यांनी खुशाल सारावं. आपण आजवर दोघांच्या पाट्या उलट्या लावल्या होत्या. ज्याच्या खेळात कष्ट दिसत नाहीत, त्याला हुशार म्हटलं आणि ज्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही, त्याला कष्टाळू.

हा वाद आता ब्रिटनपुरता राहिलेला नाही. २०२५ ला चीनचा झाओ शिनटाँग जगज्जेता झाला, आशियातला पहिला. उपांत्य फेरीत त्यानं ओ’सलिव्हनला १७-७ असं हरवलं. आपल्याकडे पुण्यात जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी स्नूकर आणि बिलियर्ड्स अशा दोन निराळ्या विद्या सांभाळत २०२४ पर्यंत अठ्ठावीस जागतिक विजेतेपदं घेऊन बसला आहे. ती व्यावसायिक स्पर्धेबाहेरची आहेत खरी. पण दोन खेळांत इतकी वर्षं अव्वल राहणाऱ्याला नुसता हुशार म्हणावं की नुसता कष्टाळू? दोन्ही शब्द अपुरेच पडतात.

भाचीचा निकाल अजून लागायचा आहे. गुण कितीही मिळोत, पेढे घेऊन येईल तेव्हा ‘मेहनतीचं चीज झालं हो’ असं म्हणायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं आहे. ‘हुशार आहेस’ असं म्हणेन. आणि भाच्याला बाजूला घेऊन सांगेन, की बाबा रे, तुझा रॉनी सेहेचाळिसाव्या वर्षी का जिंकला ते एकदा नीट बघ. खिशाकडे नको बघूस, पांढरा कुठं थांबतो ते बघ.