आधी घोड्याची पाठ बघा

या आठवड्यात चिडलो ते भिंतीवरच्या एका कागदावर. धाकट्या बहिणीनं तिसरीतल्या लेकीला सुट्टीत घोडेस्वारी शिकवायचं ठरवलं आणि "दादा, चौकशा तूच कर," म्हणून मला गावाबाहेरच्या एका क्लबात नेलं. कचेरीत प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. जवळ जाऊन वाचलं, तर ते उड्यांच्या एका स्पर्धेत भाग घेतल्याचं होतं. विचारलं, तर "सर सर्टिफाइड आहेत" एवढंच उत्तर.

स्पर्धेत उतरणं वेगळं आणि नवख्या पोराला खोगिरावर बसवणं वेगळं. मूल ज्याच्या ताब्यात द्यायचं, त्याची पात्रता विचारण्यात संकोच कसला?

आणि ती तपासताही येते. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, प्रशिक्षकांसाठी तीन पातळ्या आहेत. ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाला प्रथमोपचार आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, विमाही लागतो. आपल्याकडे इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया आहे. लष्कराचं जयपूरचं घोडदळ ६१ कॅव्हलरी किंवा लष्कराच्याच रिमाउंट व्हेटरनरी कोअरचं मेरठचं केंद्र इथून निवृत्त झालेल्यांकडे नोकरीची कागदपत्रं असतात. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारतानं घोडेस्वारीतल्या ड्रेसाज प्रकाराचं सांघिक सुवर्ण जिंकलं. या खेळातलं ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण. असा खेळ शिकवणाऱ्यानं कागद दाखवायला का कुरकुरावं?

पण कागद खरा निघाला तरी पैसे लगेच भरू नका. आधी घोड्याची पाठ बघा. खोगीर उतरल्यावर तिथं जखमा, सूज, केस गेलेले चट्टे आहेत का? तोंडाचे कोपरे सोललेत का? खूर फुटलेत का? घोड्याला असं वागवणारा माणूस तुमच्या मुलीला नीट वागवील, यावर माझा विश्वास नाही.

मग दुसऱ्या कुणाचा तरी तास पाहा. हेल्मेट डोक्यावर हलत असेल, तर शिकवणी तिथंच थांबायला हवी. बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेलं मूल फरफटतं. पहिले धडे लांब दोरीवर, गोलात, शांत घोड्यावर. दुडकीच्या आधी थांबवणं आणि उतरणं शिकवलं पाहिजे. त्या क्लबात मात्र पहिला धडा मोबाइलवरच्या फोटोचा होता.

भाचीला तिथं एक तास बसवून पाहिलं, तेव्हा तिच्या घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, सैल आहे हे ओळखलं मोतद्दारानं. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून थोडं चालवून तो पुन्हा तपासायचा असतो. प्रशिक्षक फोनवर होते. मोतद्दारानं घोडा थांबवला, पट्टा आवळला आणि पोरीला सांगितलं, "बाळा, उतरल्यावर मागून जायचं नाही. त्याला थेट मागचं दिसत नाही."

पूर्ण तासातलं शिकवणं म्हणावं असं एवढंच झालं, आणि ते ज्यानं केलं त्याच्या नावाचा साधा फलकही तिथं नव्हता. हा माणूस पहाटे तबेला झाडतो, खरारा करतो, खूर साफ करतो. घोडा आज लंगडतोय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. फीमधला त्याचा वाटा किती, हे कुणी पालक विचारत नाही. लाथ बसली तर त्याचा दवाखाना कोण करतं, हेही नाही. हातात इतकं ज्ञान असलेल्या माणसाला प्रथमोपचार शिकवा, परीक्षेला बसवा, फी क्लबानं भरावी. आपल्याकडे चांगले प्रशिक्षक कमी आहेत ही तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यातले काही तबेल्यात खरारा करत उभे आहेत.

बहिणीला मी दुसरा क्लब शोधायला सांगितलंय. तिथं ती कागद मागेल, घोड्याची पाठ बघेल आणि मोतद्दाराचा विमा आहे का, हेही विचारेल. तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच पैसे भरायचे.