दाढीनंतरची तुरटी

तुरटी हा पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा दुहेरी सल्फेट क्षार आहे. तिच्या स्फटिकात पाण्याचे 12 रेणू बांधलेले असतात आणि वजनाचा जवळजवळ 45 टक्के भाग या पाण्याचाच असतो. म्हणूनच खडा तापल्या तव्यावर ठेवला की सुमारे 92 अंशांना तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो, बुडबुडे येतात आणि शेवटी पांढरी, ठिसूळ लाही उरते. ही लाही घरगुती औषधांत वापरतात. दाढीला मात्र कच्चा, पारदर्शक खडाच हवा. लाही खडबडीत असते आणि ओल्या, सोललेल्या कातडीवर ती फार तीव्र लागते.

बीड जिल्ह्यात तुरटीची ओळख आधी पाण्यामुळे होते. गेवराई आणि माजलगावकडच्या गोदाकाठी पावसाळ्यात गढूळ पाणी येते. एरवी टँकरचे पाणीही फारसे नितळ नसते. अशा पाण्यात खडा दोन-चारदा फिरवला की ॲल्युमिनियमचा चिकट साका तयार होतो, मातीचे कण त्याला धरून तळाशी बसतात. दाढीनंतर गालावर हीच तुरटी वेगळे काम करते. तिथे ती प्रथिनांना गाठते. कातडीच्या वरच्या थरातली आणि जखमेतून झिरपणाऱ्या रक्तातली प्रथिने ॲल्युमिनियममुळे साकळतात, पृष्ठभाग आकसतो आणि केसाएवढ्या रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. वस्तऱ्याने पडलेल्या बारीक चिरेतले रक्त त्यामुळे मिनिटभरात थांबते. खोल कापले असेल तर तुरटीचा उपयोग नाही. तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे लागते, आणि तरीही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा लागतो.

दुसरा गुण आम्लतेचा. तुरटीच्या पाण्याचा सामू 3 ते 4 च्या दरम्यान असतो, निरोगी कातडीचा 5 च्या आसपास आणि दाढीच्या साबणाचा 9 ते 10. साबणाने अल्कधर्मी झालेली कातडी तुरटी पुन्हा आम्लतेकडे आणते. शिवाय आम्ल आणि ॲल्युमिनियम यांमुळे जिवाणूंची वाढ मंदावते, म्हणून दाढीनंतर पुटकुळ्या येणाऱ्यांना तिचा फायदा जाणवतो. पण वाढ मंदावणे वेगळे आणि जंतू मारणे वेगळे. हा फरक सलूनच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो.

जुन्या बलुतेदारीत नाभिक कारागीर गावातल्या घरांची दाढी-कटिंग वर्षभर करीत आणि सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्यांच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा एवढा संसार असे. साबणाची चैन सगळीकडे नव्हती. पाणी चोळचोळून दाढी भिजवायची आणि वस्तरा फिरवायचा, त्यामुळे चिरा पडणे ओघाने येई. तेव्हाच्या तुरटीला एकच काम होते, रक्त थांबवण्याचे. आज फेस, ब्रश आणि नवे ब्लेड हाताशी असताना रक्त क्वचित निघते. तरी तुरटी टिकली, कारण तिचे दुसरे काम पुढे आले.

ते काम हाताची चूक दाखवण्याचे. ब्लेड फक्त केस कापत नाही, कातडीचा मेलेला वरचा थरही थोडा खरवडते. जिथे दाब जास्त पडला, एकाच जागी तीनदा हात फिरला किंवा घाईत उलटा हात मारला, तिथला थर पातळ होतो. डोळ्याला ते दिसत नाही. तुरटी फिरली की तिथे बरोबर झोंबते, कारण आम्ल आतल्या संवेदनशील थरापर्यंत पोचते. हनुवटीखाली आणि गळ्याच्या घाटीजवळ ही चुरचुर बहुतेकांना जाणवते, तिथले केस वेगवेगळ्या दिशांनी उगवतात. संपूर्ण चेहरा झोंबत असेल तर ब्लेड बोथट झाले आहे किंवा दाढी पुरेशी भिजली नव्हती. काहीच झोंबले नाही तर दाढी नीट झाली. याच कारणासाठी तुरटी शिकाऊ हातांना अधिक उपयोगी आहे. दाढी वाईट झाल्याचा राग तुरटीवर काढून ती टाकून देणारेही असतात, आणि त्यांचा गळा पुढच्या दाढीलाही तसाच लाल होतो.

वापरताना क्रम पाळावा लागतो. आधी फेस पूर्ण धुवायचा. साबण चेहऱ्यावर राहिला तर ॲल्युमिनियमशी मिळून न विरघळणारा पांढरट थर बनतो आणि तुरटी वाया जाते. बीड जिल्हा दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेला आहे, आणि अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फेस मारतात आणि धुतल्यावरही कातडीवर साबणाचा लेप ठेवतात. शक्य असेल तर शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा. त्यानंतर खडा थंड पाण्यात बुडवून ओल्या चेहऱ्यावर हलक्या हाताने एकदाच फिरवायचा. गरम पाण्यात तुरटी कितीतरी पटींनी जास्त विरघळते, म्हणून गरम पाण्याने खडा झिजतो आणि झोंबतेही अधिक. अर्धे-एक मिनिट थांबून चेहरा थंड पाण्याने धुवावा, नाहीतर वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते. मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात हा ताण जास्त जाणवतो, तेव्हा वर थोडे खोबरेल किंवा साधी क्रीम लावलेली बरी. कोरडी कातडी, इसब किंवा जळजळीचा त्रास असणाऱ्यांनी तुरटी टाळावी. डोळ्यांजवळ ती कधीच फिरवू नये.

दाढी करतानाही तुरटीचा एक उपयोग आहे. ओल्या खड्याला बोटे घासली की साबणाने निसरडी झालेली कातडी घट्ट धरता येते. जबड्याखालची कातडी ताणून ब्लेड चालवणाऱ्यांना हे चांगले माहीत असते.

सलूनमधला एकच खडा गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाच्या गालावर फिरतो, आणि तिथे तुरटीचा भरवसा संपतो. काविळीचा ब प्रकारचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो आणि दिसणारही नाही इतक्या रक्तातून तो पसरू शकतो. तुरटी त्याला मारते असे मानता येत नाही. गेल्या काही दशकांत वस्तऱ्यात अर्धे मोडलेले नवे ब्लेड घालण्याची पद्धत रूढ झाली, आणि बरीच गिऱ्हाइके ब्लेड आपल्यासमोर बदलले जाते की नाही ते पाहतात. त्याच गिऱ्हाइकांना सामायिक खडा मात्र खटकत नाही, ही विसंगती आहे. यावर उपाय स्वस्त आहे. अर्ध्या लिटर पाण्यात छोटा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून फवाऱ्याच्या बाटलीत भरावी. खडा कोणाच्या गालाला लागत नाही, आणि खर्चही जवळजवळ तेवढाच येतो. काही सलूनवाले असे करतातही. आपला खडा खिशातून नेणारे गिऱ्हाईकही चूक करत नाही.

घरच्या वापरासाठी किराणा दुकानातला ओबडधोबड खडा आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातली घासून गुळगुळीत केलेली वडी यांच्या गुणात फारसा फरक नाही. वडी फक्त महाग असते आणि तिला कोपरे नसतात. खड्याची धार ओल्या फरशीवर घासून बोथट करता येते. बाजारात अमोनियमची तुरटीही मिळते, ती दिसायला अगदी तशीच असते. तिचा चुरा पानाच्या ओल्या चुन्यात चोळला तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, पोटॅशियमच्या तुरटीला येत नाही. दाढीला दोन्ही चालतात. लालसर खडा मात्र घेऊ नये, त्यात लोहाची भेसळ असते.

काम झाल्यावर खडा पुसून हवेशीर ठेवावा. ओल्या डबीत तो झिजत राहतो आणि त्याच्यावर पांढरा चिखल जमतो. नीट ठेवला तर तो खराब होत नाही आणि महिनोन्‌महिने पुरतो. ऊसतोडीला चार-पाच महिने बाहेर जाणाऱ्या बिऱ्हाडात बाटल्यांचा पसारा नको असतो, तिथे तो कापडाच्या पुरचुंडीतही राहतो. फरशीवर पडून खडा फुटला तर मोठे तुकडे वापरता येतात, आणि चुरा फवाऱ्याच्या बाटलीसाठी ठेवता येतो.