घोंगडीवर नाव कुणाचं?

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या. बोलताना आपण अजून 'नगर'च म्हणतो, ते सोडा. चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी बांधलेली मंदिरं, घाट, बारवा आपल्याला भाषणं ऐकून पाठ झाल्यात. पण त्यांनी बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले आणि त्यातून माहेश्वरी साडी उभी राहिली, हा भाग एका ओळीत उरकला जातो.

पुढची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. काळाच्या ओघात तिथले माग थंडावले. 1970 च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी 'रेहवा' ही संस्था काढली आणि महेश्वरच्या किल्ल्यात पुन्हा माग लागले. बायका विणायला बसल्या. सॅली होळकरांच्या पुढच्या कामातून तिथे हातमागाची शाळाही निघाली. तिथे विणकरांची तरुण मुलं स्वतः डिझाइन, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणं शिकतात. 2025 मध्ये सॅली होळकरांना पद्मश्री मिळाली.

मला यातली एकाच छताखाली बसण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. कागदावर काढलेली वळणदार रेघ मागावर पायऱ्या-पायऱ्यांची होते. हे लॅपटॉपवर कळत नाही, मागाशेजारी बसलं की पाच मिनिटांत कळतं. आणि विणकरालाही कळतं की शहरातली पोरगी हाच रंग का मागते.

छत वेगळं असलं की काय होतं, ते आपण सगळ्यांनी रील्सवर पाहिलंय. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाची चप्पल आली, थेट कोल्हापुरीसारखी, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. 2019 पासून जीआय मानांकन असूनही! ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड, किंमत सुमारे 800 युरो. चांगलंच झालं. पण बोंब मारली नसती तर?

प्राडाला नावं ठेवणं सोपं आहे हो. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या फॅशन शोमध्ये घोंगडीची जाकिटं होती. आम्ही शिट्ट्या मारल्या. स्क्रीनवर डिझायनरचं नाव, मॉडेलचं नाव, मेकअप करणारीचंसुद्धा नाव. घोंगडी विणणारा कोण? संयोजकांनाच माहीत नव्हतं.

आपल्याकडे पारनेर, संगमनेरच्या माळावर मेंढ्या आहेत, दख्खनी लोकर आहे. ती टोचते, म्हणून बाजारात तिला भाव नाही. सूत कातायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, खड्ड्याच्या मागावर विणायचं, एवढं करून गिऱ्हाईक म्हणतं, ब्लँकेट स्वस्त पडतं. इथे डिझायनर खरंच हवा. हीच लोकर अंगाला न लागता बॅग, गालिचा, भिंतीवरचा पडदा कशी होईल, हे कुणीतरी डोकं लावून शोधायला हवं. नवं गिऱ्हाईक डिझायनर आणतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून जिल्ह्यात एक हॉल द्या. बंद पडलेलं गोडाऊनही चालेल. दोन-चार माग, शिलाई मशिन, रंगाची भट्टी, आणि डिझाइन शिकणाऱ्या पोरांना तिथे सेमिस्टरभर बसवा. मात्र आधी सॅम्पलचं ठरवा. 'एक करून दाखवा' म्हणत फुकट सॅम्पल घ्यायचं आणि ऑर्डर दुसरीकडे द्यायची, ही खोड मोडायला हवी. नमुन्यासाठी लागलेल्या प्रत्येक दिवसाची मजुरी द्यायची, माल विकला जावो न जावो. लेबलवर दोघांची नावं, सारख्या अक्षरांत. आणि तो नमुना दुसरीकडे विणून घ्यायचा असेल तर विणकराला विचारून.

जिल्हा नियोजनातून पैसे मिळायला वेळ लागेल. तोवर एक काम आपल्या हातातलं आहे. या वर्षीच्या गॅदरिंगला रॅम्पवर हातमागाचं काही येणार असेल, तर विणणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवा आणि अँकरच्या कागदावर त्याचं नाव आधी लिहा.