मशीन चालतं, पाय नाही

कोल्हापुरातल्या एका जुन्या गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, माझ्या ओळखीच्या एका बाईंचं शिलाई मशीन आहे. लहानपणच्या पोलिओने दोन्ही पाय गेले. कॅलिपर आणि कुबड्या आयुष्यभराच्या सोबती. मशीनला मोटर बसवलेली आहे, पण मोटरचा वेग पायाने दाबून धरायचा असतो. बाईंनी ते पायाखालचं यंत्र उचलून मांडीशेजारी लाकडी ठोकळ्यावर ठेवलंय. डाव्या हाताने कापड सरकवायचं, उजव्या कोपराने वेग धरायचा. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. शिलाई अशी, की आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागचे गृहस्थ काही खाष्ट नव्हते, त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली. मग कागद चाळता चाळता सहज म्हणाले, "वहिनी, मशीन चालतंय की तुमचं. मग निराधार कशा तुम्ही?"

"मशीन चालतंय, सायेब," बाई म्हणाल्या. "मी कुठं चालतोय?"

सगळे हसले आणि विषय संपला. मला मात्र तो प्रश्न अजून छळतो, कारण तो एकट्या त्या गृहस्थांचा नाही. कमावणाऱ्या अपंग माणसाकडे सरकार ज्या नजरेने बघतं, ती नजर त्या प्रश्नात आहे.

हा दाखला लागतो ती संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासूनची. किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांना तिचा लाभ मिळतो. दरमहा 600 रुपयांचे 2019 मध्ये 1000 झाले, 2023 मध्ये 1500 झाले आणि ऑक्टोबर 2025 पासून अपंगांसाठी 2500 झाले. या वाढीचं स्वागतच आहे. खोट आहे ती उत्पन्नाच्या अटीत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एरवी 21 हजार, अपंगांसाठी 50 हजार. पन्नास हजारांना 365 ने भागा. दिवसाला 137 रुपये येतात, आणि तेही सगळ्या घराचे मिळून. त्याहून एक रुपया जास्त कमावला, की कागदोपत्री तुम्हाला आधार मिळाला.

या अटीच्या बाजूने जे बोललं जातं, ते आधी नीट ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा: जो कमावतो तो निराधार कसला? शब्दाचा अर्थ धरला तर बिनतोड वाटणारा मुद्दा. पण अपंग माणसाला मदत कशासाठी द्यायची, हेच त्यात विसरलं जातं. बाईंच्या शेजारणीचंही मशीन आहे. अस्तर, हुक, दोरा संपला की ती पायात चप्पल सरकवून महाद्वार रोडला चालत जाते. बाईंना त्याच दोऱ्यासाठी जाऊन-येऊन रिक्षा करावी लागते, आणि दुकानाची पायरी उंच असेल तर रिक्षावाल्यालाच आत पाठवावं लागतं. शेजारीण पायडल मारते, बाईंना मोटरचं वीजबिल भरावं लागतं. कॅलिपरचा पट्टा तुटतो, कुबडीचं रबर झिजतं. दोघींनी सारखेच ब्लाउज शिवले तरी बाईंच्या हातात कमी पैसे उरतात. हा अपंगत्वाचा खर्च आहे. तो कमाईने नाहीसा होत नाही. उलट कमवायला बाहेर पडलं की वाढतो.

हे तत्त्व सरकारला ठाऊक नाही असंही नाही. प्राप्तिकर कायदाच बघा. अपंग करदात्याला जुन्या कररचनेत 75 हजारांची, आणि अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. त्यासाठी खर्चाची पावती लागत नाही, उत्पन्नाची वरची मर्यादाही नाही. म्हणजे लाखोंनी कमावणाऱ्याच्या बाबतीत सरकारला पटतं की कमाई असली तरी अपंगत्वाचा खर्च असतोच. जिन्याखालच्या शिलाईवालीकडे येईपर्यंत तेच ज्ञान वाटेत कुठंतरी सांडतं. ब्रिटनमध्ये 2013 पासून अपंगांना जो वैयक्तिक भत्ता मिळतो, त्याला उत्पन्नाची अटच नाही. नोकरी करा, धंदा करा, घरी बसा. अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात किती अडतं, एवढंच बघितलं जातं.

दुसरा मुद्दा: पैसा मर्यादित आहे, खऱ्या गरजूला आधी द्या. मान्य. पण मग हाच काटा सगळीकडे लावा. जुलै 2024 पासून राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेत बायकांना दरमहा 1500 रुपये सुरू झाले. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख! त्या बहिणींना पैसे मिळाले याचं मला दुःख नाही. पण धडधाकट बाईची गरज अडीच लाखांपर्यंत मानायची आणि अपंग बाईची पन्नास हजारांवर संपवायची, हा कुठला हिशेब? शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण होता येत नाही. त्यामुळे सव्वा वर्षभर बाई आणि शेजारीण दोघींनाही सारखेच 1500 मिळत होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 24 वं कलम सांगतं, की अपंगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्क्यांनी जास्त हवी. दीड हजारांवर पंचवीस टक्के धरले तर 1875 होतात. फरकाचे 375 रुपये कुणी दिले नाहीत.

आता समजा, बाईंचा धंदा वाढला आणि घरचं उत्पन्न सव्वा लाखावर गेलं. निराधारचे 2500 बंद. "मग लाडक्या बहिणीत जा," असं सांगणारे भेटतात. जायचं कसं? तिथल्या अर्जांची मुदत 15 ऑक्टोबर 2024 लाच संपली. दार उघडं असतं तरी 2500 सोडून 1500 वर यायचं, आणि पासष्टीनंतर तेही बंद. बाईंच्या जागी अपंग पुरुष असेल तर त्याला तेवढीही वाट नाही. तो थेट शून्यावर.

तिसरा मुद्दा चावडीवरचा: फुकट मिळालं की माणूस आळशी होतो. मला वाटतं, आळस शिकवते ती ही अट. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर 2023 मध्ये आली. अठरा कारागिरींत शिंपी आहे, चप्पल बनवणारा आहे; म्हणजे कोल्हापूरच्या अर्ध्या गल्ल्या आल्या. पहिलं कर्ज एक लाखाचं, 18 महिन्यांत फेडायचं. व्याज बाजूला ठेवलं तरी हप्ता महिन्याला साडेपाच हजारांवर, वर्षाला 66 हजारांहून जास्त. म्हणजे एक खातं म्हणतं, कर्ज घे आणि वर्षाला 66 हजार फेड. दुसरं खातं म्हणतं, वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत ठेव. दोघांचं ऐकायचं तर कर्ज फेडायला आणखी एक कर्ज काढावं लागेल. शहाणा माणूस काय करतो? धंद्याची नोंदणी टाळतो, क्यूआर कोडचा स्टिकर भिंतीवर लावत नाही, रोख घेतो आणि लहान राहतो.

चौथा मुद्दा: अट सैल केली तर बोगस लाभार्थी घुसतील. बोगस अपंगत्व पकडायला वैद्यकीय मंडळ आहे, यूडीआयडी कार्ड आहे, हयातीचा दाखला आहे, थेट बँक खात्याला जोडलेलं आधार आहे. उत्पन्नाचा दाखला यातलं काहीच पकडत नाही. पगारदाराकडे पगारपत्रक असतं. शिंप्याचं उत्पन्न दिवाळीत एक, आषाढात दुसरं. ते शेवटी अंदाजानेच लिहिलं जातं. लबाड कमी सांगतो आणि पात्र ठरतो, प्रामाणिक खरं सांगतो आणि बाहेर जातो. अशा चाळणीतून खडे आत राहतात आणि धान्य सांडतं.

खंडन झालं, आता मागणं काय ते सांगतो. अपंग गर्भश्रीमंतालाही दरमहा पैसे द्या, असं माझं म्हणणं नाही. पण अपंगांची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी, म्हणजे अडीच लाख करा. स्वतःच्या धंद्याचं उत्पन्न मोजताना कच्चा माल, वीजबिल आणि येण्याजाण्याचा खर्च आधी वजा करा. कमाई मर्यादेवर गेली तर मदत एका फटक्यात तोडू नका, पायरीपायरीने कमी करा. आणि माणसाला एका योजनेतून दुसरीत जायला सांगायचं असेल, तर नव्या योजनेचा पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत जुनी चालू ठेवा. नवा जिना बांधून झाल्याशिवाय जुना कुणी पाडत नाही.

यातलं तत्त्व कोल्हापूरला परकं नाही. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होताच. तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले. हॉटेल चालू झालं, आता तुला मदत कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. धंद्यापुढची खरी अडचण भांडवलाची नसून जातीची होती आणि ती हॉटेल उघडल्यावरही संपलेली नव्हती, हे त्यांनी ओळखलं होतं. अपंगत्वही दुकान उघडल्याने संपत नाही. नसीमा हुरजूक चाकाच्या खुर्चीवरून केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी करत होत्या, आणि 1984 मध्ये त्यांनी याच शहरात अपंगांसाठी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांना पगार होता म्हणून जिन्याच्या पायऱ्या त्यांच्यासाठी कमी झाल्या नव्हत्या.

त्या दिवशी कार्यालयातून परतताना रिक्षाचं भाडं बाईंनी दिलं; मला देऊ दिलं नाही. घरी पोचल्यावर मशीनच्या खणातली वही काढली, दिवसाच्या पानावर शिलाईचे पैसे एका बाजूला लिहिले आणि दुसऱ्या बाजूला 'रिक्षा' असं लिहून आकडा टाकला. सातवीपर्यंत शिकलेल्या बाई जमा आणि खर्च असे दोन रकाने पाडतात. सरकारी दाखल्यावर मात्र अजून एकच आहे.